मिशीवाल्याचं तोंड

४ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. ह्यांना घरी आणलं. घशातली गाठ पूर्ण निघाली, आता जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणाले. पण गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. श्वास आता गळ्यापुढच्या भोकातून. त्यावर बांधायला मी मऊ कापडाचे रुमाल शिवलेत, इस्त्री करून एकावर एक रचून ठेवलेत. हसा! तुम्ही मला टापटीप म्हणता ते काही उगीच नाही.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ह्यांना आता बोलता येत नाही. टेलिफोन कंपनीची आपल्या घरातली दोन गिऱ्हाइकं एकदम गेली. म्हणून हे पत्र.

खरं सांगू का ताई, घर खायला उठतं. ज्या माणसाने लिलावघरात बोली पुकारली की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जायची, तो माणूस आता भिंतीकडे तोंड करून बसतो. इस्पितळातून एक यंत्र दिलंय, दाढीच्या यंत्राएवढं. ते गळ्याला लावून बटण दाबायचं आणि तोंड हलवायचं, की त्या गुणगुणीचे शब्द होतात. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येतात. त्या म्हणतात, यंत्र फक्त आवाज देतं, शब्द तोंडानंच घडवावे लागतात. ओठ, जीभ, जबडा सगळं स्पष्ट हललं पाहिजे, त्याला रोज आरशासमोर सराव हवा. आणि हे पहिले महिने वाया घालवले तर माणूस कंटाळतो आणि मग कायमचा गप्प बसतो. ह्यांनी एकदाच यंत्र लावून पाहिलं. पाटीवर लिहिलं, 'डब्यात माशी अडकली.' आणि आरसा उलटा करून ठेवला.

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. ह्यांनी ओठ हलवले की लगेच, 'काय? काय? पाणी हवंय? उशी देऊ?' शेजारचे काका ह्यांच्याशी ओरडून बोलतात, जसे काही ह्यांचे कानच गेलेत! परवापासून ह्यांनी ओठ हलवणंही सोडलंय.

तुम्ही याल का, असं विचारणार होते. पण ह्यांनी पाटीवर लिहिलं, 'ताईला आणू नकोस.' मी का म्हणून विचारलं, तर लिहिलं, 'तिला सगळ्या जगात फक्त माझाच आवाज ऐकू यायचा.' मग पाटी पालथी घातली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

काय करू ते सांगा.

तुमची
टापटीप


११ फेब्रुवारी

चि. सौ. टापटीप हिस अनेक आशीर्वाद.

आधी डोळे पूस आणि नळ बंद कर. त्याचा जीव वाचला आहे, आणि त्यात डॉक्टरांइतकाच तुझाही हात आहे. माझ्या भोंग्याचं तू जे करते आहेस त्याची फेड मला या जन्मी जमायची नाही, तेव्हा नुसती आठवण ठेवते.

'आणू नकोस' म्हणाला ना? मग नाही येत. तो हट्टी आहे, पण मीही त्याचीच बहीण आहे. वाट बघेन.

सोबत एक पार्सल आहे. माझं कपाट तुला ठाऊक आहेच. सगळा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात गेला, आणि आता पेन्शनीत मी लोकांना सुधारायची पुस्तकं जमवते, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. पहाटे उठण्याचे फायदे, राग कसा गिळावा, फावल्या वेळाचं काय करावं. वासराचं चामडं, कण्यावर सोन्याची वेल, आत रंगांच्या लाटा उठवलेला अबरीचा कागद. काय ती शिवण असते! शंभर वर्षांनी उघड, एक पान निसटणार नाही. बहुतेक पुस्तकं कुणा मुलाला चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून दिलेली, आणि बहुतेक कधीच न उघडलेली. ते मुलगे काही सुधारले नसणार. मी तरी कुठे सुधारले? मी आठाला उठते आणि राग मला आजतागायत गिळता आलेला नाही. भोंगा म्हणायचा, 'ताई, एवढी पुस्तकं घेऊन फरक काय पडला?' मी म्हणायचे, 'तुझ्यासारखा भाऊ असल्यावर कसला पडतोय!'

पण अर्धं कपाट त्यानंच भरलंय हं. कुठल्याही जुन्या घराच्या सामानात असलं पुस्तक आलं आणि त्याला बोली लागली नाही, की तो माझ्यासाठी बाजूला काढायचा. माझ्या वाढदिवसाला साडी नाही, मिठाई नाही. 'चारचौघांत कसे शिंकावे' असलं काहीतरी यायचं.

पाठवते आहे ते कपाटातलं सगळ्यात पहिलं पुस्तक आहे. स्पष्ट कसं बोलावं याचं. त्यात एका मिशीवाल्या गृहस्थाची चित्रं आहेत, कुठल्या उच्चाराला तोंड कसं करायचं ते दाखवणारी. जसं आहे तसं भोंग्याच्या हातात दे. बाकी काही सांगू नकोस.

ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताई,

तुमचे पाय धरले पाहिजेत! पुस्तक हातात दिलं आणि ह्यांनी भिंतीकडची मान वळवली. आधी वजन पाहिलं, मग कण्यावरून अंगठा फिरवला, मग वास घेतला. आणि पाटी ओढून लिहिलं, 'कणा शाबूत. कोपरे झिजलेले. सोनं फिकं पण खरं.' लिलावात मालाचं वर्णन करतात ना, तसं! इतक्या दिवसांनी 'हो', 'नको', 'दार लाव' याशिवाय काहीतरी लिहिलं. मला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं.

मग आतली पानं उलटली. त्या मिशीवाल्याची तोंडं बघून एकदा ओठ जरासे हललेसुद्धा. पण लगेच कपाळाला आठ्या पडल्या आणि लिहिलं, 'आत कुणीतरी गिरबटलंय. माल खराब.' आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

खरंच हो ताई! एका चित्राखाली नाही तर सगळ्या चित्रांखाली पेन्सिलीने काहीबाही खरडलेलं. कुठे अक्षर, कुठे बाण, कुठे फुली. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर तर कुणा कार्ट्याने भोपळ्यासारखं काहीतरी काढून ठेवलेलं. तुम्ही घाईत पाठवलंत, तुमच्या नजरेतून सुटलं असणार. नाहीतर पुस्तकावर पेन्सिलीची रेघ दिसली की तुमचा जीव कसा वरखाली होतो ते मला माहीत नाही का? म्हटलं, आपण कशाला आहोत मग! मागे तुम्हीच शिकवलं होतंत ना, रबर नको, पावाच्या मऊ गोळ्यानं हलक्या हाताने पुसायचं. तीन दुपारी बसले आणि एक पान सोडलं नाही. भोपळासुद्धा पुसला. आता पुस्तक असं लख्ख झालंय की दुकानातून आल्यासारखं वाटावं.

ह्यांना नेऊन दाखवलं. मान हलवली, पण पुन्हा भिंतीकडेच. आरसा अजून उलटाच आहे. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असंच चाललं तर मी येऊन काही उपयोग नाही.

पण तुमच्या पुस्तकाची निगा मी राखली, एवढं तरी माझ्या हातून झालं.

तुमची
टापटीप


१० मार्च

ती. ताई,

तुमचं पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? की माझ्या हातून काही चुकलं? पावाचे कण कुठे राहिले असतील का, या विचारानं मी पुस्तक पुन्हा झटकून पाहिलं. नाहीत हो.

दोन ओळी तरी लिहा.

टापटीप


१४ मार्च

चि. सौ. टापटीप,

तुझं चुकलं काही नाही. पाव वापरलास ते बरोबर केलंस.

राग आला नाही असं मात्र म्हणणार नाही. तुझं पत्र वाचलं. चहा केला, तो निवला. मग तो भोपळा आठवला आणि हसू फुटलं. हसता हसता रडले. आता सगळं सांगते. हे पत्र भोंग्याला दे. तुला वाचायचं असेल तर त्याच्या शेजारी बसून वाच.

भोंग्या, ते गिरबटणारं कार्टं मी आहे.

तापात माझे कान गेले तेव्हा तू नुकताच लिलावघरात सामान उचलायला लागला होतास. मी खोलीतून बाहेर पडायचं सोडलं होतं. कुणी आलं तर तोंडावर पांघरूण घ्यायचे. एका संध्याकाळी तू हे पुस्तक घेऊन आलास. कुणी बोलीच लावली नव्हती त्यावर. ते मिशीवाल्याचं चित्र माझ्या नाकापुढे धरून ओरडलास, 'बघ ताई, हा माणूस दिवसभर जांभया देतोय!' ताप उतरल्यावर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

मग तू रोज रात्री जेवणं झाली की माझ्यासमोर बसून दिवसभराचा लिलाव पुन्हा घ्यायचास. आठवतं? टेबल, खुर्च्या, फुटकं झुंबर. तुला पुकारा करायला शिकायचं होतं, आणि घरात दुसरं कुणी ऐकून घेत नव्हतं. तुला वाटायचं, माझा आवाज एवढा मोठा की ताईलासुद्धा ऐकू जातो. सुरुवातीला जातही होता, थोडाथोडा. मी तुझ्या तोंडाकडे बघायचे, मग पुस्तकातल्या तोंडाकडे, आणि चित्राखाली अक्षर लिहायचे. 'प' असा, 'फ' असा. मिशीवाला परदेशी, त्याला बिचाऱ्याला 'ळ' कुठला यायला! म्हणून शेवटच्या पानावर 'ळ' म्हणतानाचं तुझं तोंड मीच काढलं. पुढचा दात पडलेलं. टापटीपबाई, तो भोपळा म्हणजे तुझा नवरा आहे.

उरलेले कान तुझ्या लग्नाआधीच गेले, भोंग्या. पूर्ण. त्यानंतर तुझा आवाज मी कधीच ऐकलेला नाही. मी तुझं तोंड वाचत आले. सांगितलं नाही, कारण तू सगळ्यांना छाती फुगवून सांगायचास, 'आमच्या ताईला फक्त माझंच ऐकू येतं.' ते तुझ्याकडून कसं काढून घेऊ? आणि ते खोटंही नव्हतं. तोंड वाचायला मी तुझ्यावरच शिकले, मग जगाचं वाचता यायला लागलं. त्या जोरावर कारखान्यात लागले, मुकादमाचं बोलणं समजायला लागलं, स्वतःच्या पायावर उभी राहिले.

लोक त्या पुस्तकांना हसतात, म्हणतात पुस्तक वाचून कुणी सुधारतं का. मला नाही हसता येत. माझ्या बाबतीत ते खरं झालं ना! जे मला पुरतं वाचताही येत नव्हतं, त्या इंग्रजी पुस्तकानं मला माणसांत आणलं. म्हणून मी त्याची भावंडं जमवत बसले. चामडं, सोनं, शिवण हे सगळं नंतर आवडायला लागलं. आधी फक्त आभार होते, ते कुणाचे मानायचे कळेना, म्हणून कपाट भरत गेले. मानायचे तुझेच होते. आज मानते.

तर आता असं आहे. पुस्तक कोरं झालंय. मला ते पुन्हा भरायचंय, आणि त्याला समोर एक तोंड लागेल. आवाज नको. आवाजाचं मला काय करायचंय? ओठ, जीभ आणि जबडा पुरे. तुझ्या जागी दुसरं तोंड मला चालणार नाही.

येऊ का?

ताई


२० मार्च

ती. ताई,

पत्र दोघांनी मिळून वाचलं. म्हणजे ह्यांनी वाचलं, मी मध्येच थांबले, कारण भोपळ्याचं कळल्यावर मला तोंड लपवायला जागा नव्हती. देवा रे! माझ्याच नवऱ्याचं तोंड मी पावानं पुसलं!

पत्र संपलं तेव्हा ह्यांनी ते घडी घालून मांडीवर ठेवलं. मग खांदे हलायला लागले. मी घाबरले, म्हटलं श्वास अडकला की काय. पण हे हसत होते हो! गळ्यावरच्या रुमालातून हवा फसफस बाहेर येत होती आणि डोळ्यांतून पाणी. इस्पितळातून आल्यापासून मी ह्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसण्याला आवाज लागत नाही, हे मला आज कळलं.

मग पाटीवर लिहिलं, 'म्हातारीनं आयुष्यभर फसवलं मला.' खाली लिहिलं, 'आणि मी घसा फोडत बसलो.' ते पुसून पुन्हा लिहिलं, 'येऊ दे तिला. पेन्सिल चांगली आणायला सांग.'

मग हे उठले आणि ह्यांनी स्वतः आरसा सुलटा केला. त्यावर धूळ बसली होती. माझ्या घरात, ताई! पण मला अजिबात लाज वाटली नाही.

मला माफ केलंत हे कळतंय. तरी एकदा तोंडाने म्हणा.

वाट पाहतोय, दोघंही.

टापटीप


३० एप्रिल

चि. सौ. टापटीप हिस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तू बांधून दिलेल्या डब्यातला घास दर स्टेशनला घेतला, त्यामुळे गाडी उशिरा आली तरी रागावले नाही. 'राग कसा गिळावा' हे आता कळलं, डब्याबरोबर गिळावा.

एवढे दिवस तुझ्या हातचं बसून खाल्लं. माफीचं मी तिथे तोंडाने म्हटलंच आहे, पण तुला लेखी हवं असणार. तर लिहून घे. तू त्या खुणा पुसल्या नसत्यास, तर मी मनातलं मनातच घेऊन गेले असते. तो भिंतीकडे बसून राहिला असता आणि मी इथे कपाटाची धूळ झटकत बसले असते. तुझ्या टापटिपीचे उपकार आहेत माझ्यावर. पण माझ्या कपाटाला हात लावशील तर खबरदार!

पुस्तक त्याच्याकडेच ठेवलंय. सरावाला त्याला लागेल.

ताई


१८ जून

ताई,

हे पत्र मी लिहितोय. टापटीपला म्हटलं, आज तू बाजूला हो. म्हटलं म्हणजे यंत्रानं म्हटलं. तिला दुसऱ्या खेपेला कळलं.

लिलावघरात गेलो होतो. मालक म्हणाले, नुसते बसा, पुकारा दुसरा करेल. मी बसून राहणारा माणूस आहे का? एक जुनं शिसवी टेबल निघालं, तेव्हा उठलो आणि यंत्र गळ्याला लावलं. 'एक वार.' ताई, सगळं लिलावघर चूप झालं. माझा आवाज होता तेव्हा लोक माझ्यासमोर गप्पा मारायचे, खोकायचे, शेंगा खायचे. आता माझे ओठ बघायला पुढे सरकून बसले. 'दोन वार.' मी एकेक अक्षर तुझ्या मिशीवाल्यासारखं तोंड उघडून म्हटलं. 'तीन वार.' टेबल चांगल्या भावाने गेलं. बाहेर आलो तर तो पलीकडचा चहावाला म्हणाला, आज तुमचं ऐकू आलं नाही, म्हणून मीच आत येऊन उभा राहिलो होतो.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तू आलीस तेव्हा दारात तुझी पिशवी घेताना मला यंत्र लावायला हात मोकळा नव्हता. सवयीने नुसते ओठ हलवले. 'केवढी जाडी झालीस!' असं म्हणालो. इस्पितळातून आल्यापासून मी काहीही म्हणालो की समोरचा माणूस 'काय? काय?' करायचा. तू पिशवी सोडलीस आणि लगेच म्हणालीस, 'तू कुठे काटकुळा आहेस!' आणि आत जाऊन चपला काढायला लागलीस. जसं काही झालंच नाही. जसा माझा आवाज गेलाच नाही. मी दारात तसाच उभा राहिलो, तुला वाटलं मला दम लागला. दम नव्हता लागला. त्या घटकेला मला कळलं की मी अजून बोलू शकतो.

तू पत्रात आभार मानलेस. मी कुणाचे मानू? कुणी बोली न लावलेलं एक पुस्तक मी तुला हसवायला आणलं होतं. त्यातून तू माझ्यासाठी केवढा माल काढून ठेवलास!

आता रोज सकाळी आरशासमोर तुझं पुस्तक उघडून बसतो. तुझ्या नव्या खुणा टापटीप पुसत नाही, पण पान दुमडू देत नाही. शेवटच्या पानावरचं चित्र मात्र यंदा भोपळ्यासारखं नाही, वांग्यासारखं आलंय. तुझी चित्रकला काही सुधारलेली नाही. त्यावरचं पुस्तक कधी लिलावात आलं तर बाजूला काढून ठेवतो.

सगळी अक्षरं जमतात, फक्त 'ळ' अजून नीट येत नाही. टापटीपला 'काळजी करू नकोस' म्हणायला जातो आणि ते 'काजी करू नकोस' होतं. ती तरीही रोज विचारते, काय म्हणालात? तुला विचारावं लागणार नाही, हे माहीत आहे. म्हणून तुला लिहितो.

काळजी करू नकोस.

तुझा
भोंगा